काचपट्टीवरचा बुडबुडा

विद्यापीठातून सूक्ष्मदर्शक घेऊन मी शाळाशाळांत जाते. तिथे मुलांनी काढलेल्या आकृत्या आजवर शेकड्याने पाहिल्या. त्यांतली सगळ्यात देखणी आकृती हवेच्या एका बुडबुड्याची होती.

सातवीतला मुलगा. बाकीची मुलं केव्हाच मोकळी झाली होती, हा मात्र एक डोळा सूक्ष्मदर्शकात आणि दुसरा वहीत ठेवून वीस मिनिटं बसून होता. जाड काळी कड, आत लख्ख उजेड, आणि कडेच्या आतल्या बाजूला केसाएवढं राखाडी वलय. पेन्सिल ओली करकरून त्याने ती कड गडद केली होती. खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: कांद्याची पेशी.

खऱ्या पेशी बुडबुड्याच्या शेजारीच होत्या, विटांसारख्या एकीला एक लागून, फिकट, फारशा नजरेत न भरणाऱ्या. त्यांच्यावरून त्याची नजर सरकली आणि जास्त ठळक दिसणाऱ्या गोष्टीवर थांबली, यात त्याचं काय चुकलं?

मी 'छान' म्हटलं, वहीवर सही केली आणि पुढे गेले. मागे रांग होती, सूक्ष्मदर्शक चारच होते, आणि पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कारणं सगळी खरी आहेत. तरी तो बुडबुडा डोक्यातून जात नाही, कारण त्या वर्गात खरोखर पाहिलं असेल तर त्या एकट्याने. बाकीच्यांच्या आकृत्यांत केंद्रक पेशीच्या मधोमध, नाण्यासारखं गोल होतं. पुस्तकात तसंच असतं. काचपट्टीवर ते बऱ्याचदा कडेला दाबलं गेलेलं दिसतं, कारण मधली जागा रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीने, अडवलेली असते. मुलांनी पुस्तक आठवून पेशी काढली आणि मी त्यांनाही 'छान' म्हटलं. त्याला फक्त एवढंच सांगायला हवं होतं, की अरे, तुझं पाहणं बरोबर आहे, नाव चुकलंय. आणि विचारायला हवं होतं, की ही कड काळी का असेल? पाण्यातून हवेत शिरताना कडेजवळचा प्रकाश इतका वळतो, की तो भिंगापर्यंत पोचतच नाही. त्या एका बुडबुड्यावर अख्खा तास निघाला असता.

विद्यापीठाच्या कागदांत या कामाला 'विस्तार उपक्रम' म्हणतात. आमच्या जीवशास्त्र विभागात सगळे 'आऊटरीच' म्हणतात. आणि ज्यांना सामान वाहावं लागतं ते संशोधक विद्यार्थी नुसतं 'पेटी' म्हणतात. 'ताई, उद्या पेटी आहे का?' पेटीत सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, कव्हरस्लिप (त्यातल्या पाच-सहा फुटणारच), ड्रॉपर, टिपकागद, डबक्यातल्या पाण्याची बाटली, आणि पेशी रंगवायचं मिथिलीन ब्लू. ही शेवटची बाटली कितीही घट्ट बंद करा, परत येईपर्यंत कोणाची तरी बोटं निळी झालेली असतात. थोडा कापूसही असतो. तो जखमेसाठी नाही, पॅरामेशियमसाठी आहे. जेमतेम पाव मिलिमीटरचा हा जीव भिंगाखाली असा सुसाट पळतो, की मूल 'दिसलं!' म्हणेपर्यंत नाहीसा होतो. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकले की तो त्यांत अडखळतो, वळतो, पुन्हा धडकतो, आणि मग रांगेतल्या पुढच्या मुलालाही मिळतो.

पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्याला बहुतेक वेळा स्वतःच्याच पापण्या दिसतात. 'मॅडम, काळ्या काळ्या काड्या हलतायत!' दुसऱ्याला दिसते ती भिंगावरची धूळ. काचपट्टी कितीही सरकवा, ती तिथेच राहते. तिसरं मूल काहीच दिसत नसताना 'हो, दिसलं' म्हणतं. मला काळजी या तिसऱ्याचीच वाटते. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, 'मला दिसत नाही' म्हणायला फार धीर लागतो. हल्ली मी सुरुवातीलाच सांगून टाकते, की पहिल्या खेपेला कोणालाच काही दिसत नाही, मलाही दिसलं नव्हतं. मग 'नाही दिसत' असे आवाज जरा मोकळेपणाने यायला लागतात.

काही प्रयोग आम्ही पेटीतून काढून टाकले. रक्तगट तपासणं हा एके काळी हुकमी एक्का होता. बोट टोचायचं, थेंब, गुठळी, आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःबद्दलची एक नवी गोष्ट. सुया आणि संसर्ग हे बंद करण्याचं उघड कारण. दुसरं कारण कोणी फारसं बोलून दाखवत नाही. मूल घरी जाऊन आईवडिलांचे रक्तगट विचारतं, वहीतला तक्ता काढून ताडून पाहतं, आणि कधी कधी तो जुळत नाही. त्यानंतर त्या घरात जे होईल ते निस्तरायला आमची पेटी तिथे नसते.

स्ट्रॉबेरीतून डीएनए काढून दाखवण्याचा प्रयोग मात्र अजून आहे, आणि त्याच्याबद्दल माझं मन फारसं स्वच्छ नाही. फळ पिशवीत चेचायचं, भांडी घासायचा साबण आणि मीठ घातलेलं पाणी मिसळायचं, गाळायचं, वरून थंडगार अल्कोहोल अलगद सोडायचं. दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू उमटतात, काडीवर गुंडाळून वर काढता येतात. बागेतल्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, आपल्यात दोन, म्हणून हे फळ निवडायचं, असंही सांगायचं. वर्गातून एकसुरात 'आऽऽ' निघतो. या 'आऽऽ'ची सवय लागते, खोटं कशाला बोलू.

एका शाळेत त्या 'आऽऽ' नंतर शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "हे डीएनएच आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, साबणाने पेशींची पटलं फुटतात, अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नाही, म्हणून तो वेगळा होतो.

"म्हणजे अल्कोहोलमध्ये न विरघळणारं काहीही असू शकतं."

तिच्या बाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. पण ती शंभर टक्के बरोबर होती. फळातलं पेक्टिनही अल्कोहोलमध्ये असंच खाली बसतं. त्या पांढऱ्या गोळ्यात डीएनए आहेच, पण पेक्टिन आहे, प्रथिनं आहेत, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांतलं काय किती हे कोणालाच सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत आम्ही २६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजमाप करतो, डीएनएच तोडणारं विकर (एन्झाइम) घालून पाहतो. पेटीत त्यातलं काही नव्हतं. "इथे मला ते सिद्ध करून दाखवता येणार नाही," मी म्हटलं. तिने मान डोलावली. समाधानाने की निराशेने, ते कळलं नाही. तेव्हापासून मी 'हा पाहा डीएनए' म्हणायचं सोडलं. 'यात डीएनए आहे, आणि सोबत बरंच काही आहे' असं म्हणते. 'आऽऽ' जरा बारीक निघतो.

खडूची फजिती मात्र पूर्णपणे माझी. १८६८ साली इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात टॉमस हक्सली या जीवशास्त्रज्ञाने कामगारांसमोर खडूच्या एका तुकड्यावर व्याख्यान दिलं होतं. सुतारांच्या खिशात असतो तो साधा खडू, आणि त्या शहराखालच्या जमिनीतही तोच दगड. त्यातून त्याने समुद्रतळावर साचत गेलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांची कहाणी उलगडली. विज्ञान लोकांपुढे कसं न्यावं याचा विचार करताना मला नेहमी हेच आठवतं: ऐकणाऱ्याच्या खिशातली वस्तू घ्यायची आणि तिथून निघायचं. मग म्हटलं, आपल्याकडे तर प्रत्येक वर्गात खडू आहे.

तयारी करून गेले. हक्सली सांगितला, फोरॅमिनिफेरा हे कवचवाले सूक्ष्म जीव फळ्यावर काढले, कोट्यवधी वर्षं समुद्राच्या तळाशी पडत राहिलेल्या कवचांचा पाऊस वर्णन केला. मग फळ्याखालचा खडू उचलला आणि म्हटलं, ही कवचं कॅल्शियम कार्बोनेटची, त्यामुळे आता यावर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतील.

टाकलं. काही झालं नाही. अजून टाकलं. खडू भिजला.

फळ्यावर लिहायचे खडू पुष्कळदा जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात. त्यात कवचं नाहीत आणि कार्बोनेटही नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या वर्गातला खडू आधी तपासून पाहायचं मात्र सुचलं नव्हतं. पहिल्या बाकावरच्या मुलाने शांतपणे विचारलं, "मग ते मेलेले जीव कुठे गेले?"

वर्ग हसला, मीही हसले, आणि पुढे काय करावं ते न सुचून म्हटलं, शोधा. पेटीत शिंपले होते, अंड्याची कवचं होती, संगमरवराचे तुकडे होते. त्यांवर बुडबुडे आले. मग मुलं भिंतीच्या निघालेल्या पोपड्याकडे वळली, आवारातल्या खडीकडे, मेलेल्या गोगलगायीच्या शंखाकडे, एकाने स्वतःचं खोडरबरही भिजवलं. फळ्यावर दोन रकाने झाले, 'फसफसतं' आणि 'नाही फसफसत'. खडू दुसऱ्या रकान्यात सगळ्यात वर. माझ्या व्याख्यानातला समुद्र त्यांच्या डोक्यात किती उरला कोण जाणे. तो दिवस चांगला गेला असं माझ्या विद्यार्थिनी म्हणतात. माझं मत अजून ठरत नाही, कारण आपली चूक झाकायला निघालेल्या माणसाला आपलं सगळंच चांगलं गेलंसं वाटतं.

शाळेतून परतल्यावर भरायचा एक तक्ता असतो. त्यात 'लाभार्थी संख्या' असा रकाना आहे. मला तो रकाना खुपतो. एका सकाळी सभागृहात तीनशे मुलांना बसवून पडद्यावर चित्रं दाखवली तर लाभार्थी तीनशे. तीस मुलांकडे दहा वेळा गेलं तर लाभार्थी तीस. दुसऱ्या खेपेला मुलं नावाने हाक मारतात, तिसऱ्या खेपेला 'मागच्या वेळी तुम्ही चुकीचं सांगितलं होतं' म्हणतात, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. पण त्याला रकाना नाही.

पुन्हा पुन्हा जाण्याने काय होऊ शकतं याचं एक उदाहरण छापलेलं आहे. इंग्लंडमध्ये डेव्हनमधल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतली ८ ते १० वर्षांची २५ मुलं बो लोटो या मेंदूशास्त्रज्ञाबरोबर भुंगमाश्यांवर काम करत होती. प्रश्न मुलांचे, प्रयोगाची मांडणी मुलांची. माश्या कोणत्या रंगाच्या 'फुलावर' जायचं ते ठरवताना रंग आणि त्या रंगाची आजूबाजूच्या रंगांमधली जागा, दोन्ही एकत्र वापरू शकतात, असं त्यांना आढळलं. २०१० मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स' या संशोधनपत्रिकेत तो निबंध आला. रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह, आणि आधीच्या संशोधनाच्या संदर्भांशिवाय. आमच्या विभागात हा निबंध वाचून दाखवला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, संदर्भ नसलेला निबंध मी परत पाठवला असता. मीही पाठवला असता. म्हणून तर तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

मोठ्या माणसांसमोर पेटी वेगळी होते. सूक्ष्मदर्शक असतातच, पण संध्याकाळच्या व्याख्यानाला येणारे लोक पॅरामेशियमसाठी आलेले नसतात. आनुवंशिकतेवरचं एक व्याख्यान संपलं, खुर्च्या आवरायला सुरुवात झाली, आणि एक बाई भिंतीपाशी उभ्या राहिल्या. सगळे गेल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही ते म्हणालात ना, पन्नास टक्के. ते प्रत्येक मुलाला वेगळं की सगळ्या मुलांत मिळून?"

मी व्याख्यानात प्रभावी जनुकाची मांडणी केली होती. एका पालकात सदोष प्रत असेल तर मुलात ती येण्याची शक्यता निम्मी. फळ्यावर चौकट काढली होती, चार घरं, दोन रंगवलेली. "प्रत्येक मुलाला वेगळं," मी म्हटलं. "पहिल्याला आलं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही, आणि वाढतही नाही."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, एकाला झालं म्हणजे दुसरा सुटला."

मी रोगाचं नाव विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी डॉक्टर नाही, यासाठी जनुकीय समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जा, एवढं सांगितलं आणि कोणाला विचारायचं ते कागदावर लिहून दिलं. ती चौकट मी किती वर्षं काढत आलेय, आणि 'चार घरांतली दोन' याचा अर्थ कोणी 'दोन मुलांतलं एक' असा लावून त्यावर आयुष्य बेतू शकतं हे मला कधी सुचलं नव्हतं. आता चौकट काढली की आधी नाणं उडवते. छापा, छापा, छापा. तीनदा लागोपाठ छापा आला तरी चौथ्या वेळी नाण्याला काही आठवत नाही.

लोकांना कमी माहिती आहे, आपण ती ओतायची, असं समजून विद्यापीठं बराच काळ बाहेर जात राहिली. या समजुतीला चांगला तडा देणारी गोष्ट मेंढ्यांची आहे. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर किरणोत्सारी सिझियम पावसाबरोबर उत्तर इंग्लंडमधल्या कुंब्रियाच्या डोंगरांवर पडलं. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली, आणि ती तीन आठवड्यांत उठेल असं सांगण्यात आलं. हिशेब चिकणमातीवरून केलेला होता. चिकणमाती सिझियम धरून ठेवते. डोंगरावरच्या आम्लधर्मी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, जमिनीत ते मोकळं राहतं, गवतात चढतं, मेंढीत जातं, पुन्हा जमिनीत येतं. शेवटची बंधनं उठली २०१२ मध्ये. मध्यंतरी शास्त्रज्ञांनी कुंपणं घालून त्यांत मेंढ्या ठेवून प्रयोग करायचं ठरवलं, तेव्हा मेंढपाळ म्हणाले, मोकळ्या डोंगरावर चरणारी मेंढी अशी कोंडली की खंगते, तुमचे आकडे चुकतील. कोणी ऐकलं नाही, आणि पुढे तो प्रयोग गुंडाळावा लागला. ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने हे सगळं लिहून ठेवलं आहे. मी ते दर वर्षी नव्या संशोधक विद्यार्थ्यांना सांगते. पेटी उचलायच्या आधी.

आणि हायड्रा. अब्राहम ट्रेम्ब्ले हा १७४० च्या सुमाराला हॉलंडमध्ये एका सरदाराच्या घरी दोन लहान मुलांचा शिक्षक होता. डबक्यातल्या पाण्यात त्याला हे हिरवे, इवलेसे, हात पसरणारे जीव दिसले. वनस्पती की प्राणी ते ठरेना, म्हणून त्याने एकाचे दोन तुकडे केले. वनस्पती असेल तर दोन्ही वाढतील, प्राणी असेल तर मरेल. दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण हायड्रा झाले, आणि ते चालत होते, शिकारही करत होते. हे पत्रातून वाचून कोणाचा विश्वास बसावा? त्याने पॅरिसला रेओम्यूर या निसर्गशास्त्रज्ञाकडे हायड्राच टपालाने पाठवले. पहिली बाटली पोचली तेव्हा सगळे मेलेले होते. दुसऱ्या खेपेचे जिवंत पोचले. मग त्याने ते मागेल त्याला पाठवले: माझं खरं मानू नका, हे घ्या, तुम्हीच कापून पाहा. १७४३ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं. १७४४ च्या त्याच्या ग्रंथातल्या चित्रांत ती दोन मुलंही दिसतात.

गेल्या वर्षी आम्ही एका शाळेत हायड्राची बरणी ठेवून आलो. नळाचं ताजं पाणी घालू नका, एक दिवस उघडं ठेवून मग घाला. खायला या दुसऱ्या बाटलीतले डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा. रोज मोजा. बस्स. बाकी काही सांगितलं नाही. ठरवून नव्हे, तास संपला म्हणून.

तीन आठवड्यांनी त्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ३, ३, ४, ४, ४, ७. मग एक दिवस ५, त्यापुढे कंसात 'दोन सापडत नाहीत'. मग ९. खाली तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन वाक्यं. 'सगळे खिडकीच्या बाजूला जातात.' 'बरणी फिरवली तरी पुन्हा तिकडेच.' 'त्यांना डोळे आहेत का?'

हायड्राला डोळे नसतात, तरी तो उजेडाकडे सरकतो. ट्रेम्ब्लेनेही हे पाहिलं होतं. भांड्याभोवती पुठ्ठा लावून त्याने एका बाजूला फट ठेवली, तर हायड्रा त्या फटीपाशी जमले. हे सगळं मी लिहायला घेतलं होतं, दोन परिच्छेद झालेही होते, आणि पाठवायच्या आत दुसरा फोटो आला. बरणी, शेजारी काळा कागद, कागदात कात्रीने कापलेलं वेडंवाकडं चौकोनी भोक. सोबत मुलांनी बाईंकडून लिहवून घेतलेला प्रश्न: "मॅडम, बरणी गोल आहे, कागद सारखा सुटतो. काय करू?"

लिहिलेलं सगळं पुसलं आणि एका शब्दात उत्तर पाठवलं. रबरबँड.